सहलीची तयारी आणि घरचा अभ्यास



सुट्टी लागली कीं घरोघरच्या आईपुढें दोन कामें उभीं राहतात. मुलांना चार दिवस कोठें तरी बाहेर नेण्याची तयारी हें एक. आणि शाळेंत शिकलेलें तीं विसरूं नयेत म्हणून घरीं घ्यावयाचा अभ्यास हें दुसरें. पापड, कुरडया, लोणचीं आणि पाहुणे यांचा भार निराळाच. त्यांतून उर्वरित महाराष्ट्रांत जूनच्या मध्यास शाळा उघडतात, तर आपल्या विदर्भांत उन्हामुळें त्या आणखी कांहीं दिवस उशिरा उघडतात. तेव्हां भंडाऱ्याच्या आईचा हा दुहेरी कारभार पुण्याच्या आईपेक्षां लांबतो. सकाळीं पाठ घेतांना तिचें मन चुलीकडे, दुपारीं शिदोरी करतांना मुलांच्या वह्यांकडे. आणि सहलीचा दिवस उगवतो तेव्हां घरांत सर्वांत थकलेलें माणूस तीच असते.

माझें सांगणें इतकेंच कीं, हीं दोन कामें निराळीं मानूं नयेत. सहलीची तयारी हाच सुट्टींतील अभ्यासाचा मोठा भाग करतां येतो, आणि तसें केल्यास आईचें ओझें वांटलें जातें. ही कल्पना नवी नव्हे. हातानें केलेल्या उपयुक्त कामांतून शिक्षण द्यावें, हा विचार महात्मा गांधींनीं १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेपुढें मांडला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें जें कार्य आरंभिलें, त्यांतहि भोंवतालच्या साध्या वस्तूंतून बालकांना शिकविण्यावर भर होता. शाळेला असें काम मुद्दाम योजावें लागतें. घरांत तें आधींच पडलेलें असतें.

एक उदाहरण घेऊं. भंडारा शहरांतील पांच माणसांचें कुटुंब दोन दिवसांसाठीं नवेगांवबांधच्या तलावावर निघालें आहे, असें धरा.

पहिला पाठ नकाशाचा. मुलांनीं नकाशावर भंडारा, लाखनी, साकोली अशी वाट शोधावी, त्या वाटेवर दोरा ठेवावा आणि प्रमाणावरून अंतर काढावें. रेल्वेनें गोंदियास जाऊन पुढें जावयाचें असेल, तर वेळापत्रक मुलांच्याच हातीं द्यावें. भंडारा रोड हें स्थानक शहरांत नसून वरठीस आहे, हें ध्यानांत घेऊन घरांतून केव्हां निघावें तें त्यांनींच ठरवावें. वजाबाकीचीं दहा उदाहरणें जें शिकवीत नाहींत तें ही एक वेळ ठरवितांना कळतें.

दुसरा पाठ पाण्याचा. मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दर माणशीं दिवसाला ४ लिटर पाणी धरलें तर पांच जणांस २० लिटर लागेल. दीड लिटरच्या बाटल्या किती न्याव्या? तेरा बाटल्यांत साडेएकोणीस लिटर मावतें. अर्धा लिटर उरतो. वहींत ही बाकी बाजूस लिहून मोकळें होतां येतें, प्रवासांत मात्र चौदावी बाटली भरावीच लागते. त्याच दिवशीं जलसंजीवनी करण्यास शिकवावें: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकूं नये, हा शास्त्राचा पहिला धडा येथेंच मिळतो. उन्हानें एखादें माणूस भ्रमिष्टासारखें बोलूं लागल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां त्यास सावलींत नेऊन अंग ओलें करीत डॉक्टरांकडे पोहोंचवावें, हेंहि मुलांना ठाऊक असावें.

तिसरा पाठ डब्यांचा. भंडाऱ्याचीं पितळी भांडीं प्रसिद्ध आहेत. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचें मिश्रण; आंबट पदार्थांनीं त्यांतील तांबें सुटतें आणि अन्न कळकतें. म्हणून कल्हई नसलेल्या पितळी डब्यांत ताक किंवा पन्हें नेऊं नये. कल्हई ही कथलाची असते व ती आंबटास दाद देत नाहीं. एवढें रसायनशास्त्र डबे घासतां घासतां सहज सांगतां येतें. आणि डबे घासण्याचें काम मुलीइतकेंच मुलाचेंहि असावें.

चौथा पाठ इतिहासाचा. नवेगांवबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला असें सांगतात. पूर्वी तो भंडारा जिल्ह्यांत होता. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तो त्या जिल्ह्यांत आहे. धानाच्या शेतीसाठीं गांवोगांवीं तलाव बांधण्यांत आपल्या भागांतील कोहळी समाजाचा मोठा हात आहे. वाटेवर मुलें ‘मामा तलाव’ हा शब्द ऐकतील आणि हा कोणाचा मामा, असें विचारतील. हे तलाव मालगुजारांच्या ताब्यांत होते. १९५१ सालीं मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे आले, म्हणून ते ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले. त्या दोन शब्दांचीं आद्याक्षरें म्हणजे ‘मामा’. जमीनधारा पद्धतीचा धडा इतक्या गोड रीतीनें क्वचितच सुरू होत असेल.

मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी म्हणून या अरण्यांत राहिले होते. त्यांचें ‘नवेगावबांधचे दिवस’ हें पुस्तक निघण्यापूर्वीं रोज रात्रीं दोन पानें मोठ्यानें वाचावें. वाचणारें मूल असावें, ऐकणारी आई असावी, आणि त्या वेळीं तिच्या हातांत निवडण्याची भाजी नसावी.

अर्थात् सर्वच अभ्यास असा होत नाहीं. पाढे, शुद्धलेखन आणि व्याकरण यांना बैठक हवीच. त्यासाठीं सकाळचा गार अर्धा तास पुरे. मात्र तो रोजचा असावा. आणि तो घेण्याचें काम एक दिवसाआड वडिलांनीं करावें. यादी लिहिणें मुलीकडे, सामान मोजून भरणें मुलाकडे, तिकिटें आणि हिशेब वडिलांकडे, अशी वांटणी एकदां भिंतीवर लागली म्हणजे आईला दहा वेळां आठवण करावी लागत नाहीं. पहिल्या खेपेस मीठ राहील, टॉवेल विसरेल. तें विसरूं द्यावें. आईनें मागाहून गुपचूप सर्व भरलें, तर मुलें शिकत नाहींत आणि तिचें कामहि सुटत नाहीं.

परतल्यावर मुलांनीं खर्चाचा मेळ घालावा आणि आजीला प्रवासाचें पत्र लिहावें. हिशेब व निबंध दोन्ही साधतात. आणि घरांतल्या सर्वांनीं मिळून एका प्रश्नाचें उत्तर द्यावें: तलावाच्या कांठीं आई किती वेळ स्वस्थ बसली? तें उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढच्या सहलीची यादी नव्यानें वांटावी.