नंदीबैलवाल्याला सूट

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत हाती आली की बहुतेक जण थेट अनुसूची उघडतात. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, असे गुन्हे तिथे ओळीने मांडले आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार. मला मात्र अपवादांचे कलम अधिक वाचनीय वाटते. कशाला हात लावायचा नाही, ते त्यात सांगितले आहे: प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणे, कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन, जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि जमिनीतले पाणी सांगणारे पाणाडे. कायद्याच्या रुक्ष भाषेत नंदीबैल गुबुगुबू मान हलवत येतो, हे दृश्य दुर्मीळच. मंत्रालयाच्या पायऱ्या कोणाकोणाच्या शंका झिजवून गेल्या, त्याचा ही यादी म्हणजे हजेरीपटच आहे.

या कायद्याची मागणी ज्या संघटनेने लावून धरली, तिची मुळे कृष्णाकाठी आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. एमबीबीएस झाले मिरजेत. कबड्डीपटू म्हणून नावाजले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. साताऱ्यात घर आणि ‘परिवर्तन’चे व्यसनमुक्तीचे काम, सांगलीतून ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’. समितीच्या चतुःसूत्रीत धर्माची विधायक चिकित्सा हे एक सूत्र आहे. त्यातला ‘विधायक’ हा शब्द विरोधकांच्या कानापर्यंत कधी पोचलाच नाही. देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, हे दाभोलकर भाषणांतून अखेरपर्यंत सांगत राहिले आणि दाखले ज्ञानोबा-तुकोबांपासून गाडगेबाबांपर्यंतचे देत राहिले.

विधान परिषदेत कायद्याचा विषय १९९५ मध्ये आला. २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, तरी ते पुढे अडकले. त्याच वर्षी जानेवारीत वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे माणसे गेली होती. तो प्रश्न गर्दीच्या व्यवस्थेचा, अंधश्रद्धेचा नव्हे, असे म्हणता येईल. पण यात्रा, नवस आणि सरकारची जबाबदारी यांवर साताऱ्यात उघड बोलणे तेव्हापासून टाळता आले नाही. दरम्यान वारी बंद होणार, पूजा घातली की पोलीस येणार, अशी आवई उठत राहिली आणि काही वारकरी संघटना विरोधात उभ्या ठाकल्या. आषाढीला मुख्यमंत्री पंढरपुरात महापूजेला बसतात. माळकऱ्यांचा रोष कोणत्याही पक्षाला परवडत नाही, हे सांगायला राजकीय पंडित नको.

वारकऱ्यांची ही ताकद एकाच बाजूला वळते असे मात्र नाही. २००८ मध्ये चाकणजवळ शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकलचे केंद्र उभे राहत होते. नद्यांचे पाणी नासेल या धास्तीने गावकरी उठले आणि साताऱ्याकडचे कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांच्यासह वारकरी त्यांच्या पाठीशी आले. शेवटी कंपनीला तिथला नाद सोडावा लागला. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा साताऱ्यात रस्त्यावर उतरले तेही बंडातात्याच. तिथे महिला नेत्यांबद्दल ते जे बोलले त्याचे समर्थन होऊ शकत नाही, गुन्हाही दाखल झाला. पण दारूच्या प्रश्नावर साताऱ्यातला कीर्तनकार आणि साताऱ्यातला विवेकवादी यांच्या मागणीत फारसे अंतर नव्हते, हेही खरे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या पुलावर झाला, त्याला प्रार्थना समाजाच्या विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे. ईश्वरावर श्रद्धा ठेवून अस्पृश्यतेशी झगडलेला हा माणूस. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकूम मंजूर केला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. अठरा वर्षे जे जमले नाही, ते एका खुनाने चार महिन्यांत जमवले. याला यश म्हणायला जीभ रेटत नाही. अपवादांची यादी मात्र मला पराभवाची खूण वाटत नाही. ज्योतिषाला सूट देणे खटकते. पण कीर्तन सुरक्षित आहे हे पांढऱ्यावर काळे झाले, म्हणून भोंदू बाबाला वारकऱ्याच्या आडोशाला उभे राहणे अवघड झाले.

समितीच्या पाठपुराव्याचा दुसरा कायदा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा. २०१६ मध्ये तो एकमताने मंजूर झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतीच्या बाजूने उघड बोलायला सभागृहात कोणी उरले नव्हते.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याची वेस ओलांडली की कर्नाटक. तिथेही २०१७ मध्ये जादूटोण्याविरुद्ध असाच कायदा झाला आणि २०२० मध्ये अमलात आला. तिकडे ही मागणी करणाऱ्यांत निडुमामिडी मठाचे स्वामी पुढे होते. भगव्या वस्त्रातला माणूस सरकारला जाब विचारत होता. ज्योतिष आणि वास्तुशास्त्र त्या कायद्यातूनही वगळलेलेच आहे.