विश्लेषण : वादळात शेडचे पत्रे का उडतात? पुन्हा बसवताना काय पाहावे?

वसमत तालुक्यातील हट्टा परिसरात एप्रिल-मे म्हणजे हळदीचे दिवस. शिजवलेली हळद उन्हात पसरलेली, पॉलिश झालेला माल पोत्यांत भरून शेडखाली ठेवलेला. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण याच दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून येते आणि अर्ध्या तासाच्या वादळात शेडचे पत्रे आणि दुकानापुढची पडवी जमीनदोस्त होते. वर्षभराची कमाई भिजते ती बहुतेकदा छप्पर गेल्यामुळे. दुसऱ्या दिवशी तेच पत्रे, तेच खिळे आणि वर चार दगड, अशी डागडुजी होते. पुढच्या वादळात छप्पर पुन्हा उडते. असे का होते?

वारा पत्रा ढकलतो की उचलतो?

वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वरच्या बाजूचा हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. त्याच वेळी शेडमध्ये शिरलेली हवा खालून रेटा देते. तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडे शेड म्हणूनच सर्वांत धोक्याचे. आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. ही ओढ छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर सर्वाधिक असते. पत्रा आधी कोपऱ्यातून सुटतो आणि मग पूर्ण छप्पर सोलल्यासारखे निघते.

वर दगड ठेवून भागत नाही का?

हिशेब करून पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो भरतो, तर ८० किलोमीटरला ३० किलो. दहा बाय बारा फुटांचे छप्पर सुमारे ११ चौरस मीटरचे असते. म्हणजे ६० च्या वाऱ्यात त्यावर १९० किलोच्या आसपास आणि ८० च्या वाऱ्यात ३३० किलोहून अधिक उचल येऊ शकते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचे एकूण वजन मात्र ५० किलोच्या घरात असते. राहिलेला भार दगडांनी तोलायचा तर छपरावर दोन-तीन क्विंटलचे ओझे लागेल. शिवाय पत्रा हलला की तेच दगड खाली माणसांवर पडतात. छप्पर टिकते ते पकडीमुळे, वजनामुळे नव्हे.

वादळ थांबल्यावर आधी काय करावे?

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. तुटलेली वीजतार पत्र्यावर किंवा अँगलवर पडली असेल तर पूर्ण सांगाड्यात वीज उतरू शकते. अशा वेळी हात न लावता महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे.

आवराआवर करण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि तलाठ्यांना पंचनाम्यासाठी कळवावे. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये ठरवले आहेत. सुधारित दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत.

जुने पत्रे पुन्हा वापरता येतात का?

येतात, पण निवडून. नुसता वाकलेला पत्रा सरळ करता येतो. ज्याला घडी पडली आहे तो त्या रेषेवर कमजोर झालेला असतो. तिथला जस्ताचा थर निघतो आणि गंज धरतो. असा पत्रा छपराला न वापरता आडोशाला लावावा. छिद्र फाटून लांबट झाले असेल तर त्याच जागी नवा बोल्ट धरत नाही. ते छिद्र सीलंटने बुजवून शेजारी नवे पाडावे.

पत्र्यांआधी सांगाडा तपासावा. आडव्या अँगलचा जोड उखडला आहे का, खांब हलतो आहे का, हे पाहावे. नव्या वेल्डिंगवर लगेच प्रायमर मारावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर थेट पाय ठेवू नये, फळी टाकावी. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून कापताना पाणी मारावे आणि तोंडावर मास्क लावावा.

पत्रे बसवण्याची योग्य पद्धत कोणती?

साधा खिळा उचलीने सरळ वर निघतो. त्याऐवजी अँगलला खालून कवटाळणारा जे-हुक किंवा रबर वॉशरचा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वापरावा. छिद्र पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे. पाणी खोलगट भागातून वाहते, तिथे छिद्र पडले की गळती ठरलेली. स्क्रू इतकाही आवळू नये की वॉशर चिरडेल.

शेजारच्या पत्र्यावर दीड पन्हळीचा चढाव आणि लांबीच्या जोडाला किमान सहा इंचांचा चढाव ठेवावा. कडेला आणि कोपऱ्यात बोल्ट मधल्या भागापेक्षा जवळजवळ लावावेत. भिंतीबाहेर पत्रा दीड फुटाहून अधिक काढू नये. सावलीसाठी तीन फूट काढलेला पत्राच वाऱ्याला हाताशी मिळतो.

भिंतीच्या शेवटच्या विटेत रोवलेला अँगल विटेसकट उपटतो. म्हणून सळई भिंतीत दोन-तीन फूट खाली नेऊन पक्की करावी. खांबांवरच्या शेडला दीड फूट लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचा पाया द्यावा. असा एक ठोकळा सव्वादोनशे किलोच्या पुढे भरतो. त्याला किमान सात दिवस पाणी मारून मगच वर पत्रे चढवावेत. खांबांमध्ये तिरपे आधार दिल्यास सांगाडा डोलत नाही.

ताडपत्रीच्या पडवीचे काय?

ताडपत्री फाटते ती बहुधा दोरीच्या छिद्रापाशी. तिथे कड दुहेरी दुमडून नवी धातूची कडी ठोकावी. कडी नसेल तर कापडात गुळगुळीत गोटा गुंडाळून त्याच्या गळ्याशी दोरी आवळावी. ओढ एका छिद्रावर न येता कापडावर पसरते. ठिगळ फाटीपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठे आणि गोल कोपऱ्यांचे असावे. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर साधा गोंद टिकत नाही, उष्णतेने जोड द्यावा लागतो.

ताण देताना उतार ठेवावा. एक चौरस मीटर जागेत दहा सेंटिमीटर पाणी साचले तरी शंभर किलोचा भार होतो. आणि जोराचा वारा दिसताच ताडपत्री उतरवून गुंडाळणे हाच सर्वांत स्वस्त उपाय.

कोणती चूक जिवावर बेतू शकते?

पत्र्याखालच्या अँगलला बाळाची झोळी बांधण्याची. छप्पर उडाले तर अँगलसोबत झोळीही ओढली जाते. वादळाची चाहूल लागताच बाळाला काढून पक्क्या भिंतीच्या खोलीत न्यावे. पत्रे धरून ठेवण्यासाठी वर चढणे किंवा अँगलला लोंबकळणे हेही तितकेच घातक. भिजलेली हळद पुन्हा वाळवता येते.