बोथट ड्रिल बिट: टाकून देण्यापूर्वी

चवथीच्या आधीचे दोन-तीन आठवडे गोव्यातल्या घराघरांत डागडुजीचे असतात. रंगकाम, खिडकीची सैल झालेली जाळी, माटोळीसाठी हवा असलेला एखादा जादा हूक, अशा कामांसाठी वर्षभर कपाटात पडून असलेले ड्रिल यंत्र बाहेर निघते. लोखंडी पट्टीला भोक पाडायला घेतले की कर्कश आवाज सुरू होतो, थोडा धूर निघतो, पट्टीवर निळसर चकचकीत खळगा पडतो. भोक मात्र पडत नाही. यंत्र जुने झाले असे मानून मग हाताचा जोर वाढवला जातो. अपघात घडतो तो येथेच. रेटलेले बारीक बिट मधोमध मोडते, किंवा पकड सुटून पट्टी गरगर फिरते आणि तिची कड बोटांना लागते. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. त्याच्या तोंडाशी असलेल्या बोटभर पोलादाची धार गेलेली असते, आणि ती घरच्या घरी परत आणता येते.

धार गेली हे ओळखणे सोपे आहे. चांगले बिट साध्या लोखंडातून जाताना दोन्ही खाचांतून कीस वळ्यावळ्यांनी बाहेर येतो. बोथट बिटातून बारीक भुकटी पडते. बिटाचे टोक उजेडाकडे धरून पाहिल्यासही उत्तर मिळते. तीक्ष्ण कडेवर प्रकाश थांबत नाही, झिजलेल्या कडेवर पांढरी रेघ चमकते. झीज प्रथम बाहेरच्या कोपऱ्यांवर दिसते, कारण फिरताना त्या कोपऱ्यांचा वेग सर्वाधिक असतो.

मात्र प्रत्येक बिटाला घरी धार लावता येत नाही. भिंतीसाठीच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा जोडलेला असतो. नेहमीचे राखाडी सहाणचाक त्याच्यापुढे हतबल ठरते. त्याला हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा हिऱ्याच्या कणांचे चाक लागते. घरगुती वापरात असे बिट बदलणेच शहाणपणाचे. लोखंड आणि लाकूड कापणारी बिटे बहुधा हायस्पीड स्टीलची असतात आणि त्यांच्या दांड्यावर तसा ठसा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलर आणि व्हाइट या दोघांनी अमेरिकेत विकसित केलेले हे पोलाद सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत आपला कठीणपणा टिकवते. स्वस्तातली साध्या कार्बन पोलादाची बिटे तशी नसतात. सहाणेवर ती निळी पडली की त्यांचे पाणी उतरते आणि मग कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. लोखंडाचे बिट चुकून काँक्रीटच्या तुळईवर चालवले तर ते काही क्षणांतच बोथट होते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती तुलनेने मऊ असल्यामुळे ही चूक एखाद्या वेळी खपून जाते आणि म्हणूनच सवय होऊन बसते.

धार जाण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे वेग. हायस्पीड स्टीलच्या बिटाची कड साध्या लोखंडावरून मिनिटाला साधारण २५ ते ३० मीटर फिरावी, असा कारखान्यातला संकेत आहे. १० मिमीच्या बिटासाठी याचा अर्थ मिनिटाला ८०० ते ९५० फेरे. घरगुती यंत्राचा घोडा पूर्ण दाबला तर ते बहुधा अडीच हजारांच्या पुढे जाते, म्हणजेच कडेचा वेग मिनिटाला ७८ मीटरवर पोहोचतो. बिट जळते ते यामुळे. स्टेनलेस स्टीलसाठी वेग निम्म्याहूनही कमी हवा. शिवाय त्या धातूवर बिट न कापता नुसते घासत राहिले तर पृष्ठभागच अधिक कठीण होत जातो आणि पुढचे नवे बिटही तेथे हरते.

धार लावण्यापूर्वी टोकाची रचना समजून घ्यावी लागते. स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या पिळाच्या बिटाचे तत्त्व आजही तेच आहे. टोकाला दोन कापणाऱ्या कडा असतात आणि सर्वसाधारण बिटात त्यांच्यामधला कोन ११८ अंश असतो. प्रत्येक कडेच्या मागचा भाग कडेपेक्षा किंचित खाली उतरत गेलेला असतो. ही उतरण ८ ते १५ अंशांची असते आणि सारे मर्म तिच्यात आहे. उतरण नसेल तर कड कितीही तीक्ष्ण असली तरी मागचा भाग आधी टेकतो आणि बिट घासत राहते. ती फार झाली तर कडेला आधार उरत नाही व तिचे तुकडे उडतात. दोन्ही कडांच्या मध्ये एक छोटी आडवी रेघ दिसते. ती कापत नाही, धातूला केवळ बाजूला रेटते. हाताचा बराचसा जोर तिच्यावरच खर्च होतो.

आता प्रत्यक्ष काम. साधने फार लागत नाहीत: पक्का बसवलेला बेंच ग्राइंडर, ६० ते ८० ग्रिटचे चाक आणि शेजारी पाण्याचे भांडे. चाकाचा चेहरा खोलगट झाला असेल तर ड्रेसर फिरवून तो सपाट करावा. हत्यार टेकवण्याची पट्टी आणि चाक यांच्यातली फट ३ मिमीपेक्षा अधिक नसावी. डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. हातमोजे मात्र घालू नयेत, कारण फिरते चाक कापड ओढून घेते आणि कापडाबरोबर बोटही. नवे चाक बसवण्यापूर्वी ते लाकडी मुठीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत नाद आला तर चाक शाबूत. नाद बद्द आला तर त्याला तडा गेलेला असू शकतो, ते वापरू नये. यंत्र सुरू केल्यावर पहिले मिनिटभर चाकाच्या समोर न राहता बाजूला उभे राहावे. हातातल्या अँगल ग्राइंडरवर लोखंड कापण्याची पातळ चकती लावून तिच्या सपाट बाजूवर बिट घासण्याची पद्धत सर्रास दिसते. ती धोक्याची आहे. ती चकती बाजूचा दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नसते आणि फुटली तर तुकडे कोठेही जातात.

डाव्या हाताची तर्जनी पट्टीवर टेकवून तिच्यावर बिट टोकाजवळ विसावू द्यावे आणि दांडा उजव्या हातात धरावा. चाकाचा चेहरा आणि बिट यांच्यातला कोन ५९ अंशांचा, म्हणजे ११८ च्या निम्मा असावा. पट्टीवर खडूने तेवढ्या कोनाची रेघ मारून ठेवली की नजरेला आधार मिळतो. कापणारी कड वर आणि आडवी ठेवून ती चाकाला अलगद भिडवावी, आणि मग दांड्याचे टोक हळूहळू खाली न्यावे. त्याच वेळी बिटाला दांड्याच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अगदी थोडा पीळ द्यावा. त्यामुळे घर्षण कडेपासून मागच्या भागाकडे सरकते आणि उतरण आपोआप तयार होते. दांडा वर उचलला गेला तर नेमके उलटे घडते, धारच आधी झिजते. पीळ अधिक झाला तर दुसरी कड चाकाला लागते. ही हालचाल आयटीआयमधल्या प्रशिक्षणार्थ्यांनाही एका दिवसात साधत नाही. म्हणून आधी बंद चाकावर जाड, जुन्या बिटाने सराव करावा. टोकावर मार्करची शाई लावली तर चाक कोठे टेकते हे शाई पुसलेल्या जागेवरून कळते.

एका कडेवर दोन-तीन हलके हात झाले की बिट अर्धा वळसा फिरवून दुसऱ्या कडेवर तेवढेच हात द्यावेत. टोक तापू लागताच पाण्यात बुडवावे. हायस्पीड स्टीलचे टोक लालबुंद होऊ देऊन मग एकदम पाण्यात घालणे मात्र वाईट, त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे जातात.

कोन तपासायला महागडे मापक लागत नाही. एकाच मापाचे दोन षटकोनी नट एकमेकांच्या बाजूला बाजू भिडवून ठेवले की त्यांच्यामधल्या खाचेचा कोन १२० अंशांचा होतो. बिटाचे टोक त्या खाचेत बसवून उजेडाकडे धरले की कमी-जास्त लगेच दिसते. दोन्ही कडांची लांबी पट्टीने मोजावी. एक कड लांब राहिली तर १० मिमीच्या बिटाने भोक १० मिमीचे पडत नाही, मोठे पडते, आणि त्यात बसवलेला स्क्रू सैल राहतो. खरी परीक्षा टाकाऊ लोखंडी तुकड्यावर होते. दोन्ही खाचांतून सारख्या वळ्या आल्या तर काम साधले. एकाच खाचेतून कीस येत असेल तर दुसरी कड नुसती फिरते आहे, असे समजून बिट पुन्हा चाकापाशी न्यावे.

सोनेरी मुलाम्याच्या बिटाला धार लावताना टोकावरचा मुलामा जातो, पण आतले पोलाद कापायचे थांबत नाही. दरवेळी बिट आखूड होत जाते तसा त्याचा गाभा जाड होतो आणि ती मधली न कापणारी रेघ लांबत जाते. चाकाच्या काठावर ती बारीक करता येते, पण हात बसल्यावरच. तोपर्यंत मोठ्या भोकाआधी बारीक बिटाने वाट करून घेणे हा सोपा उपाय. तीन मिमीपेक्षा बारीक बिटांवर मात्र एवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

काम झाल्यावर बिट पुसून तेलाचा हात द्यावा आणि टोके एकमेकांवर आपटणार नाहीत अशा खाचांच्या डब्यात ठेवावे. किनाऱ्याजवळच्या घरांत जून ते सप्टेंबरच्या खारट ओलसर हवेत उघडे पडलेले बिट न वापरताही गंजते, आणि कडेवरच्या गंजाचा प्रत्येक ठिपका म्हणजे पुढच्या वेळी चाकावर घालवायचे आणखी थोडे पोलाद.