चौथा स्क्रू नसला तरी चालेल

अर्डुइनो उनो हा बोर्ड कोऱ्या कागदावर ठेवा, त्याच्या चारही भोकांतून पेन्सिलीनं टिंबं करा आणि ती पट्टीनं जोडा. आयत मिळणार नाही. चौकोन मिळेल, पण त्याची एकही बाजू दुसरीला समांतर नसेल. यूएसबीच्या टोकाकडच्या दोन भोकांमधलं अंतर साधारण ४८ मिलिमीटर, पलीकडच्या दोघांमधलं जेमतेम २८. त्यातही यूएसबीकडची दोन भोकं काठापासून सारख्या अंतरावर नाहीत; एक दुसऱ्यापेक्षा सव्वा मिलिमीटर आत सरकलेलं. पहिला रोबो जोडायला बसलेल्यांचं घोडं बहुतेक इथंच अडतं. प्रोग्रॅम तयार असतो, मोटरी फिरत असतात आणि बोर्ड काही गाडीवर नीट बसत नाही.

अर्डुइनोचा पहिला बोर्ड जन्मला तो इटलीतल्या इव्रेआ गावी, २००५ साली, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना दिवे, सेन्सर आणि मोटरी यांच्याशी स्वस्तात खेळता यावं एवढाच हेतू होता. नाव गावातल्या एका बारवरून घेतलं, आणि त्या बारचं नाव हजार वर्षांपूर्वीच्या अर्डुइन राजावरून. त्या वेळच्या घाईची खूण बोर्डावर आजही आहे. सगळ्या पिना एकमेकींपासून २.५४ मिलिमीटरवर, पण सात आणि आठ क्रमांकाच्या पिनांमध्ये चार मिलिमीटरची फट. मुळात ती चूकच. पण तोवर वरून पिनांत बसणारे त्या मापाचे जोडबोर्ड निघाले होते, आणि सुधारणा केली असती तर ते सगळे निकामी झाले असते. म्हणून २०१० मध्ये आलेल्या उनोनंही ती फट तशीच ठेवली.

आपल्याकडे अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेमुळं सहावी ते बारावीच्या मुलांपर्यंत हा बोर्ड पोचला. सोबत बहुधा ठरलेलाच सरंजाम असतो: पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची चॅसी, पिवळ्या गिअरवाल्या दोन बीओ मोटरी, मागं कॅस्टर म्हणजे कुठंही वळणारं एक छोटं चाक, आणि मोटरी चालवणारा एल-२९८ चा लाल ड्रायव्हर. चॅसीवर खाचा आणि भोकं भरपूर, त्यातली दोन उनोशी जुळली तरी नशीब. मग डबल टेप निघतो. नाहीतर ग्लू गन.

फोमच्या डबल टेपला मी नावं ठेवणार नाही. तो वीज वाहू देत नाही आणि थोडी थरथरही पितो. पण बोर्डाच्या खालच्या बाजूला सोल्डरची टोकं वर आलेली असतात. टेपला धरायला सपाट जागा मिळतच नाही, तो फक्त त्या टोकांना चिकटतो. बोर्ड तापला की गोंद मऊ पडतो, आणि एखादा कोपरा सुटतो तो नेमका प्रदर्शनाच्या दिवशी. ग्लू गनचं उलट आहे: बसवणं सोपं, काढणं कठीण.

खरा इलाज म्हणजे स्पेसर, बोर्डाला चॅसीपासून वर उचलून धरणारी आट्यांची छोटी नळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एम-३ स्पेसर मागितला की दुकानदार फक्त लांबी विचारतो, आणि पितळी की नायलॉनचा. दहा मिलिमीटर पुरते. एम-३ म्हणजे आट्याचा बाहेरचा व्यास तीन मिलिमीटर; उनोचं भोक ३.२ चं आहे, म्हणजे तो सहज जातो. जात नाही ते स्क्रूचं डोकं. यूएसबीकडच्या दोनांपैकी जे भोक पिनांच्या काळ्या पट्टीला खेटून आहे, तिथं डोकं पट्टीवर चढतं. मुलं मग ते जोर लावून कसतात, आणि मोठी माणसंही.

ते कसू नये. याचं कारण भूमितीत आहे आणि स्वयंपाकघरातल्या तिवईनं ते केव्हाच सिद्ध केलं आहे: तीन पाय कुठंही ठेवले तरी डुगडुगत नाहीत, कारण एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असं नाही. चार स्पेसरपैकी एक अर्धा मिलिमीटर आखूड निघाला किंवा अ‍ॅक्रिलिक किंचित वाकलेलं असलं, तर तीन स्क्रू कसेपर्यंत सगळं सरळ असतं आणि चौथा कसताना बोर्ड वाकतो. काचतंतूंचं कापड आणि इपॉक्सी यांचा तो दीड-पावणेदोन मिलिमीटरचा पत्रा थोडं वाकणं सहन करतो. त्याच्यावर बसलेले तांदळाच्या कणीएवढे सिरॅमिक कपॅसिटर मात्र करत नाहीत. सिरॅमिक वाकत नाही, तडकतं. तडा सोल्डरच्या कडेखाली पडतो आणि डोळ्यांना दिसत नाही. असा कपॅसिटर काही दिवस मुकाट काम करतो, आणि मग एके दिवशी आतल्या आत शॉर्ट होतो. कारखान्यांत बोर्डाची आखणी करणारे इंजिनिअर स्क्रूच्या भोकांजवळ आणि काठाला असे कपॅसिटर ठेवायचं टाळतात, ते याचसाठी.

तेव्हा तीन स्क्रू पुरेत. चौथ्या कोपऱ्याखाली फक्त स्पेसर उभा करावा, चॅसीला खालून पक्का केलेला आणि वरून स्क्रू नसलेला. तो कोपरा यूएसबीच्या बाजूचा आहे. केबल खुपसताना हाताचा भार तिथं पडतो, आणि खाली आधार असला की बोर्ड दबत नाही. अगदी चारही हवेच असतील तर त्या एका जागी लहान डोक्याचा नायलॉनचा स्क्रू घालावा आणि बोटांनी कसता येईल तेवढाच कसावा. जाता जाता: अ‍ॅक्रिलिकवरचा तपकिरी कागद आधी सोलून काढा. तो ठेवून कसलेला स्क्रू कागद दबला की सैल होतो.

एवढी काटेकोरी २५ ग्रॅमच्या बोर्डासाठी कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर मोटरीत आहे. बीओ मोटरचं चाक सहा व्होल्टला मिनिटाला साधारण २०० फेऱ्या घेतं. आतला गिअर ४८ पट वेग कमी करतो, म्हणजे मोटरचा गाभा मिनिटाला ९,६०० फेऱ्या घेत असतो, सेकंदाला १६०. स्वस्त मोटरचा गाभा कधीच पूर्ण समतोल नसतो. सेकंदाला १६० वेळा ती चॅसीला धक्के देते, आणि चॅसी बोर्डाला. कुठलीही पट्टी तिच्या आधारांमधलं अंतर जितकं जास्त, तितक्या सावकाश आणि मोठ्या झोक्यानं थरथरते. अंतर निम्मं केलं की तिची स्वाभाविक कंपनसंख्या चौपट होते. एका टोकाला टेप लावून दुसरं टोक हवेत सोडलेला बोर्ड या बाबतीत सगळ्यात वाईट. त्याच्यावर टोचलेल्या जंपर वायर सोल्डर केलेल्या नसतात, पत्र्याच्या चिमट्यानं धरलेल्या असतात. थरथरीत पिन आणि चिमटा एकमेकांवर घासतात, जागा झिजते, लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. मग मुलगा दोन तास प्रोग्रॅममधली चूक शोधतो.

माझं म्हणणं एवढंच, की बोर्ड बसवणं हे सर्किट जोडून झाल्यावरचं सुतारकाम नाही. ते सर्किटचाच भाग आहे. आकृतीत दिसत नाही म्हणून कुणी शिकवत नाही.

धातूची चॅसी घेतली तर हे लगेच पटतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बोर्ड नुसता टेकवला की खालची सगळी टोकं एका क्षणात एकमेकांना जोडली जातात. यूएसबीवर चालत असताना उनोवरचा अर्ध्या अँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज संगणकाला वाचवतो. बॅटरी लावली असेल तर तो फ्यूज त्या वाटेत येतच नाही, आणि १८६५० जातीचा लिथियम सेल शॉर्ट झाल्यावर कित्येक अँपिअर ओकतो. पत्र्याच्या चॅसीवर म्हणूनच नायलॉनचे स्पेसर बरे. पितळी वापरले तर डोक्याखाली नायलॉनचा वॉशर हवा, कारण बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवर असलेलं हिरवं किंवा निळं आवरण केसापेक्षाही पातळ असतं आणि स्क्रूच्या फिरण्यानं खरवडलं जातं.

जागा कुठली, हा प्रश्न उनोपेक्षा बॅटरीचा जास्त आहे. दोन १८६५० सेल मिळून नव्वद ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बोर्डाच्या साडेतीन पट. चाकाची पकड त्याच्यावरच्या भारावर ठरते. बॅटरी मागं कॅस्टरवर टाकली की कॅस्टर जमिनीला घट्ट आणि मोटरीची चाकं जागच्या जागी फिरणारी, असा रोबो तयार होतो. बॅटरी खाली, चाकांच्या आसाजवळ. बोर्ड वरच्या मजल्यावर गेला तरी बिघडत नाही. फक्त यूएसबीचं तोंड बाहेर काढा. दर दहा मिनिटांनी केबल लावायची असते, आणि आत तोंड केलेला बोर्ड म्हणजे दर वेळी स्क्रू काढणं आलं.

लाल ड्रायव्हर उनोच्या पोटाखाली कोंबण्याचा मोह होतो, कारण जागा तिथंच उरते. एल-२९८ जुन्या घडणीची चिप आहे. एक अँपिअर वाहताना तिच्यात दोनेक व्होल्ट वाया जातात, म्हणजे दोन वॉट उष्णता. तिच्या पाठीवरच्या काळ्या हीटसिंकला वारा लागला पाहिजे. शिवाय ड्रायव्हरपासून मोटरपर्यंतच्या तारांतून खरकटी वीज जाते. ब्रश असलेल्या मोटरीत फिरताना सतत ठिणग्या पडतात आणि त्यांचा गोंगाट तारांतून, हवेतून पसरतो. मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला छोटा कपॅसिटर सोल्डर करणं, दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ देणं आणि त्या सेन्सरच्या तारांपासून लांबून नेणं, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. होकायंत्राचा सेन्सर लावणार असाल तर मोटरीतल्या चुंबकांपासून तो जितका दूर तितका बरा. पुष्कळ जण त्याला वेगळी काडी उभारून टोकावर बसवतात. वायफायवाला ईएसपी-३२ घेतला तर नियम आणखी कडक. त्याच्या टोकाला नागमोडी रेघ दिसते ती अँटेना, आणि तिच्या आजूबाजूला किमान १५ मिलिमीटर धातू नसावा असं तो बनवणारी कंपनीच सांगते. बॅटरीच्या वर झोपवलेला ईएसपी-३२ दुसऱ्या खोलीतलं वायफाय सोडून देतो, आणि दोष राउटरला मिळतो.

ही कटकट फक्त हौशी लोकांची नाही. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरमधून सोजर्नर नावाची साडेदहा किलोची गाडी बाहेर पडली. तिचा मेंदू होता ८०सी८५, उनोपेक्षा कितीतरी हळू, दोन मेगाहर्ट्झचा. तो बसवायचा कुठं हा प्रश्न चिपपेक्षा मोठा होता, कारण तिथली रात्र उणे ७० अंशांच्याही खाली जाते. नासाच्या इंजिनिअरांनी बोर्ड एका पेटीत ठेवले, पेटीच्या भिंतींत एरोजेल भरलं आणि आत एकेक वॉटचे किरणोत्सारी तीन तापक ठेवले. आतलं तापमान उणे ४० ते अधिक ४० अंशांत ठेवायचं होतं. तांबं वीज नेतं तशी उष्णताही नेतं, त्यामुळं पेटीतून चाकांकडं जाणारी प्रत्येक तार म्हणजे ऊब बाहेर जायची एक वाट. तारा किती आणि कुठून काढायच्या, याचा हिशेब तिथं उष्णतेचाच हिशेब होता.

आपल्या टेबलावरच्या गाडीला एवढं लागत नाही. बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक स्क्रूच्या डोक्याला आणि दुसरं पाच व्होल्टच्या, मग ग्राउंडच्या पिनला. उनोची भोकं कुठल्याच तारेला जोडलेली नसतात, त्यामुळं बीप वाजली तर कुठंतरी स्क्रू रेघेला टेकला आहे. मग प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये तेरा क्रमांकाचा दिवा तीनदा मिचकावायची ओळ घाला. बोर्ड रीसेट झाला की सेटअप पुन्हा चालतं, म्हणून मधेच तीन मिचक्या दिसल्या तर बोर्ड बंद पडून उठला असं समजायचं. आता चाकं हवेत धरून मोटरी पूर्ण वेगानं पुढं आणि लगेच उलट फिरवा. उलट फिरताना मोटर नेहमीच्या कित्येक पट वीज खेचते, अडलेली बीओ मोटर दीड अँपिअरपर्यंत जाते, आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी तिथं गळपटते. चिपचा पुरवठा २.७ व्होल्टखाली गेला की ती स्वतःला रीसेट करते. दिवा तेव्हा मिचकला तर दोष बॅटरीचा. नंतर मोटरी बंद ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बोर्डावर आणि एकेका जंपर वायरवर हलकेच टिचक्या मारा. दिवा आता मिचकला तर दोष वीज आणणाऱ्या एखाद्या वायरचा किंवा स्पेसरचा, आणि पाना घेऊन बसायला हरकत नाही.