जुना लाइट मीटर पारखून घ्या

सासऱ्यांचा रोलचा कॅमेरा कपाटातून निघाला, की मुलं लाइट मीटर मागणारच! हट्ट वाटेल, पण रोल आणि धुलाई दोन्ही महाग. उजेडाचा अंदाज चुकला, की छत्तीस फोटोंचे पैसे पाण्यात.

पालघर-बोईसरहून गाडीने मुंबईला, फोर्टात, वापरलेला मीटर घ्यायला जाल, तेव्हा भुलू नका. सातपाटीचं पापलेट आपण कल्ला उचलून बघूनच घेतो ना? तसंच हेही.

वेस्टन मास्टरसारख्या मीटरांत सेलेनियमचा सेल असतो. त्याला बॅटरी लागत नाही. पण सेल थकला, की काटा खोटं बोलतो. गोसेन लूनासिक्स ३ ला पाऱ्याच्या बॅटऱ्या लागत. त्या आता बनत नाहीत, म्हणून बदली बॅटरीची सोय आधी विचारा. बॅटरीचं झाकण उघडून हिरवट गंजही बघा.

मग दुकानाबाहेर या. फिल्मचा वेग १०० लावा आणि मीटर भर उन्हातल्या हिरवळीकडे धरा. १/१२५ सेकंदासमोर १६ च्या आसपास आकडा यायला हवा. सावलीतही बघा, मुलाच्या मोबाइलवरच्या मीटरशी ताडून पाहा. दोन्हीकडे जुळला, तरच पैसे मोजा.

चिंचणी-तारापूरची हवा खारी. घरी मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा. सोबत नव्या पर्समध्ये येते ती सिलिका जेलची पुडी टाका.

एवढी खटपट कशाला, म्हणाल? अहो, रोल दुसरा मिळेल. आजेसासूबाईंचं ते हसू पुन्हा मिळेलच असं नाही!