लोकहिताची वकिली शिकायला परदेशीच जावं लागतं का?

भोर-वेल्ह्यातली मुलं पुण्यात लॉ करू लागली, की लोकहितासाठी लढणाऱ्या परदेशी संस्थेत इंटर्नशिप करायची स्वप्नं पडू लागतात. स्वप्न चांगलंच आहे, पण त्याबद्दल ऐकीव माहिती फार.

'पगार घेणार नसू, तर टुरिस्ट व्हिसा चालतो' हा सर्वांत घातक गैरसमज. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर बिनपगारी इंटर्नशिपही करता येत नाही. अमेरिकेत त्यासाठी साधारणपणे जे-१ व्हिसा लागतो आणि त्याला मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था हवी. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती खर्च देईल, हीही आशा खोटी. ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी आहे.

परदेशी अनुभव असला की इथल्या वकिलाकडे बसायची गरज नाही, असंही काहींना वाटतं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. त्यात निदान एकदा तरी कोर्टात काम करणाऱ्या वकिलाकडे जावंच लागतं.

आणि 'गावाकडे शिकण्यासारखं काय आहे?' हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत ही धरणं याच दोन तालुक्यांतली; त्यांच्यासाठी जमिनी गेल्या त्या इथल्याच लोकांच्या. दुसरा विषय वनजमिनीचा: वनहक्क कायदा २००६ चा. कातकरी अनुसूचित जमातीत येतात, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. शेजारच्या धनगरवाड्याला मात्र त्या तारखेआधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. एकाच डोंगरावर दोन कसोट्या! कागद नाहीत म्हणून दावा बुडाला, असं लोक धरून चालतात. तेही खरं नाही. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान, वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हे नियमांनुसार पुरावेच आहेत. फक्त एकाहून अधिक पुरावे लागतात. ते गोळा करून ग्रामसभेपुढे नीट मांडणं लॉच्या विद्यार्थ्याला सहज जमेल. लोकहिताच्या वकिलीचा पाया तो हाच.

गावकऱ्यांना सांगण्यासारखं आणखी एक: मोफत वकील फक्त गरिबालाच मिळतो, हाही गैरसमजच. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा क्रमांक १५१००.

परदेशी अर्ज जरूर करा. पण त्याआधी एक सुट्टी आपल्याच तालुक्यातल्या वनहक्काच्या दाव्यांना द्या.