रुंदी, पडदे आणि काटकोन

मे २०२१मध्ये आमच्या प्रयोगशाळेकडे येणारे नमुने बदलले. वर्षभर नाका-घशाचे स्वॅब यायचे. आता ईएनटीच्या थिएटरमधून छोट्या डब्या येऊ लागल्या. आत सलाइनमध्ये बुडवलेला, नाकातून किंवा सायनसमधून काढलेला काळपट तुकडा. सोबतच्या चिठ्ठीवर थोड्याफार फरकाने एकच कहाणी: कोविड होऊन गेलेला, मधुमेह, स्टेरॉइड चालू होतं, एका बाजूचा गाल सुजलाय, पापणी उघडत नाही. काहीजण तर दात हलतोय म्हणून आधी दंतवैद्याकडे जाऊन आलेले. खाली ठळक अक्षरांत: केओएच, अर्जंट.

झाकण उघडल्यावर डोळे चुरचुरले, की कपाळाला आठी पडायची. म्हणजे तुकडा फॉर्मेलिनमध्ये आलाय. पॅथॉलॉजीला तो तसाच हवा असतो, पण त्यातली बुरशी मेलेली असते, कल्चरला काही उगवत नाही. सलाइनमधला नमुनाही फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. 'काळी बुरशी' म्हणून गाजलेल्या म्युकरच्या जातीला थंडी मानवत नाही.

इतर ऊतींचे नमुने आम्ही खलात घोटतो. हा घोटायचा नाही. या बुरशीच्या तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नसतात. एका जागी चिरडला की आतला ऐवज बाहेर सांडतो आणि तंतू उगवत नाही. म्हणून निर्जंतुक ब्लेडने बारीक तुकडे करायचे. त्यातले काही कल्चरच्या माध्यमावर दाबायचे, एक स्लाइडवर ठेवून वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजेच केओएचचा थेंब आणि कव्हरस्लिप. मग थांबायचं. माणसाच्या पेशी त्यात विरघळतात, बुरशीची कायटिनयुक्त भिंत टिकते. या विरघळण्याला लागायचा तो वेळ लागतोच. फार तर स्लाइड किंचित कोमट करता येते. तेवढ्यात फोन वाजतो.

"मॅडम, बघितलं का?"

"अजून विरघळतंय, सर. दहा मिनिटं द्या."

सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश मुद्दाम मंद ठेवावा लागतो, भगभगीत उजेडात तंतू हरवतात. आणि दिसतं ते सगळं बुरशी नसतं. बँडेजचा कापसाचा धागा, हवेच्या बुडबुड्याची कड, स्लाइड सुकू लागली की होणारे स्फटिक, सगळे फसवायला बसलेले असतात. खरा तंतू सापडला की मात्र कळतो. रुंद, चपटा, कुठे जाड कुठे बारीक, आणि भिजलेली नाडी मुडपावी तसा स्वतःवरच मुडपलेला. फांदी फुटते ती जवळपास काटकोनात. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचा तंतू याहून बारीक, एकसारखा, आडव्या पडद्यांचा. फांदी साधारण ४५ अंशांची. पुस्तकात कोनावर फार भर असतो. कव्हरस्लिपखाली दाबलेल्या ऊतीत कोनांचं काही खरं नसतं, असं माझं मत. मी आधी रुंदी आणि पडदे बघते.

या फरकावर औषध ठरतं. ॲस्परजिलसला व्होरिकोनॅझोल चालतं, म्युकरला त्याने काहीही होत नाही. म्युकरला ॲम्फोटेरिसिन बी लागतं, तेही मृत ऊती खरवडून काढल्यावर, कारण हे तंतू रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करतात आणि रक्तच पोचत नसेल तिथे औषध तरी कसं पोचणार? काळा रंगही या मेलेल्या ऊतींचाच. आमच्या प्लेटमध्ये उगवणारी बुरशी आधी पांढरी असते, मग करडी होते. तीही इतक्या वेगाने, की दोनेक दिवसांत झाकणाला टेकते.

ही बुरशी काही नवी आलेली नव्हती. मातीत, कुजक्या पाल्यात, शिळ्या पावावर ती असतेच, आपण तिचे बीजाणू रोज श्वासातून घेतो. २०२०मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं, की ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचतात: रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. दुसऱ्या लाटेत खाट मिळायची मारामार असताना अनेकांनी ते घरीच, साध्या तापातच सुरू केलं. स्टेरॉइडने साखर वाढवली, पांढऱ्या पेशी सुस्तावल्या, आणि एरवी नाकातच संपणारा बीजाणू रुजला. जून २०२१अखेर देशातली अशा रुग्णांची नोंद ४० हजारांच्या वर गेली होती.

स्लाइडवर तंतू सापडले, म्हणजे रिपोर्ट होकारार्थी असेल, तर आधी फोन, कागद नंतर. तोच कागद घेऊन नातेवाईक ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनच्या शोधात फिरायचे. त्या दिवसांत ते न मिळणं हाही एक आजारच होता.

काही दिवसांनी त्याच रुग्णाचा दुसरा तुकडा यायचा, पुन्हा खरवडलेला. त्यातही तंतू दिसले, तर ते मेलेले की जिवंत हे केओएच सांगू शकत नाही. कल्चर उगवलं तर जिवंत. नाही उगवलं तर मेलेच असंही नाही, कारण पहिल्या वेळीही ते प्रत्येकाचं उगवत नाही. अशा रिपोर्टवर मी 'तंतू दिसले' एवढंच लिहायची. पुढे एमआरआय बघून आणि खरवडताना ताजं रक्त आलं का ते पाहून सर्जन ठरवायचे, औषध चालू ठेवायचं की पुन्हा आत जायचं.